देवाचं नाव, माणसाचं नाव : ग्रीक-रोमन साधनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीक किंवा रोमन इतिहास वाचायला घेतला की चार पानांत नावांचा गुंता सुरू होतो. डायोनिसस हा देव, तर डायोनिसिअस हा सिसिली बेटावरच्या सिराक्यूज या ग्रीक नगरीचा सत्ताधीश. हर्मीस हा देवांचा दूत, आणि हर्मीस याच नावाचा रोममधला एक ग्लॅडिएटर. वाचणाऱ्याला सतत शंका येते की हा देव की माणूस, आणि माणूस असेल तर त्याला हे नाव कुणी दिलं? या दुसऱ्या प्रश्नाकडे फार कमी लक्ष दिलं जातं. खालच्या बऱ्याच उत्तरांत तोच पुन्हा पुन्हा येईल.

ग्रीक लोक मुलांना देवांची नावं ठेवत का?

ठेवत, पण जशीच्या तशी नाही. आपल्याकडे राम, कृष्ण, विठ्ठल, लक्ष्मी अशी थेट देवांची नावं घरोघरी असतात. इ.स.पू. पाचव्या शतकातल्या अथेन्समध्ये मुलाला 'झ्यूस' किंवा 'अपोलो' अशी हाक मारलेली ऐकू आली नसती. देवाच्या नावाला काहीतरी जोडून माणसाचं नाव तयार व्हायचं. अपोलोचा तो अपोलोनिअस, डिमिटर देवीचा तो डिमिट्रिअस, पोसायडनचा तो पोसिडोनिअस. देवाने दिलेलं मूल म्हणून हेरोडोटस (हेराने दिलेला), आर्टेमिडोरस, अपोलोडोटस. देवापासून झालेला म्हणून डायोजेनीस (झ्यूसचा) आणि हर्मोजेनीस (हर्मीसचा). आपल्या देवदत्त, अंबादास, शिवप्रसाद यांचीच ही जातकुळी.

नद्याही यातून सुटल्या नाहीत. अथेन्सजवळून वाहणारी किफिसस ही नदी म्हणजे एक देवच, आणि तिच्यावरून किफिसोडोटस हे नाव तिथे चांगलंच रुळलेलं होतं. मुलांचं पालनपोषण नद्या करतात अशी ग्रीकांची श्रद्धा होती, हे लक्षात घेतलं की ही नावं मनाला भिडतात. मूल व्हावं, जगावं म्हणून आईबापांनी केलेला नवस त्यांत असू शकतो.

कोणत्या देवांची नावं टाळत?

पाताळातल्या. हेडीस आणि पर्सेफोनी यांच्यावरून केलेली नावं जवळजवळ सापडतच नाहीत. युद्धदेव एरीस याच्यावरूनही नावं आहेत, पण अपोलो, डायोनिसस, डिमिटर यांच्या मानाने अगदी थोडी. मृत्यूच्या राजाचं नाव पाळण्यात कोण ठेवणार? बोलतानासुद्धा लोक हेडीसचा उच्चार टाळून 'प्लूटॉन', म्हणजे संपत्तीचा धनी, असं म्हणत.

हेराक्लीस हे नाव तरी माणसाला चालायचं का? तो तर आधी माणूसच होता.

उदाहरण आहे, आणि ते करुण आहे. अलेक्झांडर आणि बार्सिनी यांच्या मुलाचं नाव हेराक्लीस होतं. मॅसिडोनियाचं राजघराणं स्वतःला त्या वीराचे वंशज मानायचं, त्यामुळे नावाची निवड समजण्यासारखी आहे. अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर जो तो सत्तेमागे लागला आणि पोरसवदा हेराक्लीसला सिंहासनाचा दावेदार म्हणून पुढे करण्यात आलं. इ.स.पू. ३०९च्या सुमारास, ज्या पॉलिपर्कॉन सेनापतीने त्याला पुढे आणलं त्यानेच प्रतिस्पर्धी कॅसँडरशी सौदा करून त्याला मारवलं.

नावावरून त्या माणसाची भक्ती ओळखता येते का?

एकट्यादुकट्या माणसाची नाही. अथेन्समध्ये थोरल्या मुलाला बहुधा आजोबांचं, वडिलांच्या वडिलांचं, नाव ठेवत. त्यामुळे एखादा डिमिट्रिअस दिसला तर डिमिटरला नवस बोलणारं माणूस त्याच्याआधी तीन पिढ्यांचंही असू शकतं.

हा प्रश्न प्राचीनांनाही पडला होता. प्लेटोचा 'क्रॅटिलस' हा संवाद याच वादाने सुरू होतो. क्रॅटिलस आपल्या मित्राला तोंडावर सांगतो की, सगळं जग तुला हर्मोजेनीस म्हणत असलं तरी ते तुझं नाव नव्हेच. हर्मोजेनीस चक्रावतो. सॉक्रेटिसचा अंदाज असा : हर्मीस हा व्यापाराचा आणि धनलाभाचा देव, आणि हर्मोजेनीसच्या हाती पैसा काही टिकत नाही, मग तो हर्मीसच्या वंशातला कसा? थट्टेतून निघालेली ही गोष्ट पुढे फार गंभीर होते. नाव वस्तूला स्वभावतः चिकटलेलं असतं की लोकांनी ठरवलेलं असतं, यावरच तो सबंध संवाद आहे.

हजारो नावं एकत्र पाहिली की मात्र चित्र बदलतं. ऑक्सफर्डमध्ये १९७२पासून ग्रीक व्यक्तिनामांचा एक मोठा कोश तयार होत आहे. अशा साधनांतून दिसतं की इसिस आणि सेरापिस या इजिप्तशी जोडलेल्या देवतांचा पंथ जिथे जिथे पोचला, तिथे काही काळाने इसिडोरस, इसिडोरा, सेरापिऑन ही नावं उगवतात. एका नावातून श्रद्धा कळत नाही, पण गावातल्या शंभर नावांतून तिचा प्रवास कळतो.

मग हर्मीस, इरोस, नार्सिसस या नावांची खरी माणसं कशी सापडतात?

इरोस हा प्रेमाचा देव, नार्सिसस हा पुराणातला देखणा तरुण. त्यांच्या नावाची माणसं बहुतेक रोमन काळातली आहेत, आणि त्यांतले पुष्कळ जण गुलाम किंवा गुलामीतून मुक्त झालेले होते. माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे.

गुलामाचं नाव मालक ठेवायचा. ते कसं ठेवलं जायचं याचा नमुना व्हॅरो या रोमन पंडिताने लॅटिन भाषेवरच्या आपल्या ग्रंथात सहज देऊन ठेवला आहे. तिघांनी इफेसस शहरात एकेक गुलाम विकत घेतला, असं समजा. एक जण विकणाऱ्याच्या नावावरून नाव ठेवतो : विकणारा आर्टेमिडोरस, म्हणून गुलाम आर्टेमास. दुसरा प्रदेशावरून ठेवतो : प्रदेश आयोनिया, म्हणून गुलाम इऑन. तिसरा शहरावरून इफेसिअस म्हणतो. व्हॅरोला इथे फक्त शब्दांची घडण दाखवायची आहे. पण जरा थांबून बघा. पहिल्या गुलामाच्या नावात आर्टेमिस देवी आली ती बाजारातल्या दलालाच्या नावातून. त्याच्या आईने त्याला काय नाव ठेवलं होतं, हे विचारायचं कुणाला कारणच नव्हतं.

म्हणून रोमन थडग्यावर 'हर्मीस' किंवा 'इरोस' वाचलं की घाईने 'ग्रीक देवभक्त' असा शिक्का मारू नये. ग्रीक नाव ऐकायला सुसंस्कृत वाटायचं, देखण्या पोराला नार्सिसस किंवा हायसिंथस शोभायचं. निवड मालकाची, आवड मालकाची.

तरीही या नावांमागची माणसं नुसती नावं राहत नाहीत. ग्रीक चरित्रकार प्लूटार्क सांगतो की, ॲक्टिअमच्या आरमारी लढाईतल्या पराभवानंतर सगळं हातचं गेल्यावर रोमन सेनापती मार्क अँटनीने इरोस नावाच्या आपल्या विश्वासू सेवकाला तलवार चालवायला सांगितलं. वेळ आलीच तर मला मार, असं वचन त्याने आधीच घेऊन ठेवलं होतं. इरोसने तलवार उपसली, मान वळवली आणि ती स्वतःवरच चालवली. धाकटा प्लिनी या रोमन लेखकाच्या पत्रांत हर्मीस नावाचा त्याचा मुक्त गुलाम भेटतो. वारशातल्या जमिनीचा हिस्सा त्याने कोरेलिया नावाच्या बाईंना नऊ लाखांच्या हिशेबाऐवजी सात लाखांच्या हिशेबाने दिला. प्लिनीच्या आजेसासऱ्यांनी विचारणा केली तेव्हा प्लिनीने तो व्यवहार आपलाच मानला. आणि मार्शल या रोमन कवीने हर्मीस नावाच्या ग्लॅडिएटरवर एक कविता रचली, तिची प्रत्येक ओळ 'हर्मीस' याच शब्दाने सुरू होते. ती स्तोत्राच्या धाटणीची आहे : ज्या घडणीत देवाची स्तुती व्हायची तीत आखाड्यातल्या लढवय्याची स्तुती. नाव एकच असल्यामुळेच ती कल्पना जमून येते.

सम्राट क्लॉडिअसचा पॅलस म्हणजे पॅलस अथीना का?

नाही. पॅलस हे अथीना देवीचं बिरुद, आणि क्लॉडिअसच्या दरबारातल्या एका मुक्त गुलामाचंही नाव. मराठीत आणि इंग्रजीत हे नाव एकसारखं दिसतं, पण मूळ भाषेत विभक्ती लावली की दोन्ही वेगळी पडतात. देवीचं 'पॅलस' षष्ठीत 'पॅलाडिस' होतं, पुरुषाचं 'पॅलांटिस'.

पुरुष पॅलसही अनेक आहेत. अथीनाने मारलेला एक राक्षस, एक टायटन, थीसिअसचा काका (ज्याच्या मुलांनी थीसिअसशी वैर धरलं), इव्हँडर राजाचा तरुण मुलगा जो इनीअसच्या बाजूने लढताना पडला, आणि शेवटी इतिहासातला मार्कस अँटोनिअस पॅलस. हा अँटोनिया या राजस्त्रीचा गुलाम होता. तिने मुक्त केल्यावर रिवाजाप्रमाणे तिच्या घराण्याचं नाव त्याला लागलं, आणि क्लॉडिअसच्या काळात साम्राज्याचा हिशेब त्याच्या हाती आला. मुक्त झालेल्या माणसाचं जुनं गुलामी नाव असं शेपटीला शिल्लक राहायचं. तीन नावांतलं शेवटचं नाव ग्रीक देवतेचं किंवा पुराणपुरुषाचं असेल, तर त्या घरात मागे कुठेतरी गुलामी असावी अशी शंका रोमन माणूस लगेच घेत असे.

ग्लॉकस नावाचे किती जण आहेत?

पुष्कळ, आणि बहुतेकांचा एकमेकांशी संबंध नाही. निळसर-करडा अशा अर्थाचं ते साधं विशेषण आहे, त्यामुळे कुणालाही लागायचं. अँथेडॉनचा कोळी एक चमत्कारिक वनस्पती खाऊन समुद्रदेव झाला, तो एक ग्लॉकस. होमरच्या महाकाव्यातला लिशिअन वीर दुसरा. त्याने रणांगणावर शत्रुपक्षातल्या डायोमिडीसशी जुना घरोबा निघाल्यावर सोन्याचं चिलखत देऊन काशाचं घेतलं, शंभर बैलांच्या मोलाचं देऊन नऊ बैलांच्या मोलाचं. इतिहासकार हेरोडोटसच्या ग्रंथात आणखी दोन आहेत : लोखंडाचे सांधे जोडण्याची कला शोधणारा किऑसचा कारागीर, आणि दुसऱ्याची ठेव गिळता येईल का हे डेल्फीच्या देवाला विचारायला गेलेला स्पार्टाचा माणूस. त्याला देवाने असं उत्तर दिलं की त्याचा वंशही उरला नाही.

शिलालेखात देव आणि माणूस वेगळे कसे ओळखायचे?

अक्षरांवरून नाही. प्राचीन ग्रीक आणि लॅटिन कोरीव लेख एकाच मोठ्या लिपीत असतात. छापील आवृत्तीत एखादा शब्द मोठ्या अक्षराने सुरू झालेला दिसतो तो आजच्या संपादकाचा निर्णय असतो. 'आयरीनी' म्हणजे शांतता, शांतीदेवी, की आयरीनी नावाची बाई, हे दगड सांगत नाही. देवनागरीतही मोठं-लहान अक्षर नाही, त्यामुळे 'शांती', 'विजय', 'कीर्ती' वाचताना आपण जे करतो तेच इथे करायचं : आजूबाजूचे शब्द बघायचे.

सिल्वानसचं उदाहरण घेऊ. सिल्वानस हा रानाचा, शेताच्या शिवाचा रोमन देव. आणि तेच नाव, एका अक्षराचाही फरक न करता, माणसांचं आडनावासारखं चालायचं. इ.स.पू. २ मध्ये सम्राट ऑगस्टससोबत कॉन्सल (रोमचा वर्षभरासाठीचा सर्वोच्च अधिकारी) झालेला मार्कस प्लॉटिअस सिल्वानस हा त्यातला प्रसिद्ध. आता दगडावर 'सिल्वानो' असं चतुर्थीचं रूप आहे, म्हणजे 'सिल्वानसला'. पुढे 'साक्रुम' असेल तर तो देवाला अर्पण केलेला दगड. आरंभी 'दिस मानिबुस', म्हणजे पितरांना, असं असेल आणि पुढे 'इतकी वर्षं जगला' असेल, तर ते थडगं. देवाचं वय कुणी कोरत नाही. बापाचं नाव, गावाचं नाव, हुद्दा हे माणसाच्या खुणा. विशेषण-बिरुद, पुजारी, नवस फेडल्याचा उल्लेख या देवाच्या.

दगड फुटका असेल आणि फक्त नाव उरलं असेल, तर ठामपणे काही सांगू नये.

विद्वानांनाही असा पेच पडला आहे का?

पडला आहे, आणि तोही डायोनिससच्या बाबतीत. १९५२ मध्ये मायकल व्हेंट्रिसने लिनिअर बी ही लिपी उलगडली. इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातल्या, ग्रीस आणि क्रीटच्या राजवाड्यांतल्या मातीच्या पाट्या त्या लिपीत आहेत. ग्रीसमधल्या पायलॉसच्या तुटक पाट्यांवर 'दि-वो-नु-सो' अशी अक्षरं वाचता आली. डायोनिसस हा उशिरा, बाहेरून आलेला देव असं तोवर बरेच अभ्यासक मानत. मग हा देव की त्या नावाचा कुणी माणूस? पाट्यांवर अकिलीस आणि हेक्टर ही होमरच्या वीरांची नावं साध्या माणसांना लागलेली दिसत होतीच, त्यामुळे शंका रास्त होती.

निकाल क्रीटमधल्या हानियाच्या एका पाटीने दिला. तिच्यावर झ्यूसच्या स्थानी द्यायच्या मधाची नोंद आहे : आधी झ्यूसला, आणि खालच्या ओळीत डायोनिससला. झ्यूसच्या पंक्तीला बसून मध घेणारा माणूस नसतो. हा देव पुढे मानला गेला त्यापेक्षा शेकडो वर्षं जुना निघाला. ही साधी जमाखर्चाची पाटी मला कुठल्याही महाकाव्याइतकी मोलाची वाटते.

राजे स्वतःला देवांची नावं लावून घेत, ते यातच मोडतं का?

तो वेगळा प्रकार. तिथे नाव म्हणजे जाहीरनामा.

इ.स.पू. २९१च्या सुमारास डिमिट्रिअस हा मॅसिडोनियाचा राजा अथेन्समध्ये आला तेव्हा लोकांनी त्याच्यासाठी मिरवणुकीत गाणं म्हटलं. डिमिटर आणि डिमिट्रिअस एकाच वेळी आपल्या नगरीत आले, ती रहस्यपूजेसाठी आणि हा हसतमुख देवासारखा, अशी त्याची सुरुवात आहे. बाकीचे देव दूर आहेत किंवा त्यांना कान नाहीत. तू मात्र लाकडाचा नाहीस, दगडाचा नाहीस, खरा समोर आहेस, असंही ते म्हणतात. नावातलं साम्य इथे थेट राजकारणाच्या कामी आलं. हे ऐकून काही ग्रीकांनाच लाज वाटली होती.

क्लिओपात्रा आणि अँटनीच्या जुळ्यांची नावं अलेक्झांडर हेलिऑस आणि क्लिओपात्रा सिलीनी, म्हणजे सूर्य आणि चंद्र. सम्राट कॉमोडसने तर स्वतःला हर्क्युलिस, म्हणजे रोमन हेराक्लीस, म्हणवून घेतलं. डोक्यावर सिंहाचं कातडं आणि हातात गदा घेतलेला त्याचा अर्धपुतळा रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयात आहे.

आणि मेनेक्रटीस नावाचा सिराक्यूजचा वैद्य. तो स्वतःला झ्यूस म्हणवायचा. त्याने स्पार्टाच्या राजाला पत्र धाडलं, 'मेनेक्रटीस झ्यूसकडून राजा अजेसिलॉसला नमस्कार.' राजाने उत्तर लिहिलं, 'राजा अजेसिलॉसकडून मेनेक्रटीसला आरोग्य चिंतून.' रोख डोकं ताळ्यावर येण्याचा होता.

इलागाबालस हा सम्राट होता की देव?

मुळात देव. सीरियातल्या एमेसा गावचा सूर्यदेव, मूर्ती नाही, एक मोठा काळा शंक्वाकृती दगड. त्याचा वंशपरंपरागत पुजारी असलेला कोवळा मुलगा इ.स. २१८ मध्ये सम्राट झाला आणि देवाला रोममध्ये घेऊन आला. चार घोड्यांच्या रथात ठेवलेला तो दगड त्याच्या नाण्यांवर दिसतो. मुलाचं अधिकृत नाव मार्कस ऑरेलिअस अँटोनायनस. हयातीत त्याला कुणी अधिकृतपणे इलागाबालस म्हटलेलं नाही. २२२ मध्ये त्याचा खून झाल्यावर पुढच्या लेखकांनी देवाचं नाव त्याला चिकटवलं, आणि ते असं बसलं की आज देवच विसरला गेला. समकालीन साधन वाचताना 'इलागाबालस' दिसलं तर आधी देव समजा.

एकाच नावाचे अनेक देवही असतात का?

रोमन वक्ता सिसेरोने इ.स.पू. ४५ मध्ये देवांच्या स्वरूपावर लिहिलेल्या ग्रंथात कोट्टा हे पात्र यादीच वाचून दाखवतं : तीन ज्युपिटर, पाच मर्क्युरी, चार व्हीनस, पाच मिनर्व्हा, सहा हर्क्युलिस. तिसरा ज्युपिटर क्रीटचा, आणि त्याची समाधीही तिथे दाखवतात! पारंपरिक कथा जशाच्या तशा स्वीकारल्या तर कुठे थांबायचं, असा कोट्टाचा सवाल आहे. म्हणून ती गणती पुराणकोशासारखी वापरू नये.

ख्रिस्ती झाल्यावर लोकांनी ही नावं टाकली का?

लगेच नाही. बायबलच्या नव्या करारातल्या पॉलच्या रोमकरांस पत्रात, सोळाव्या अध्यायात, फीबी, हर्मीस, नेरिअस अशी देवांच्या नावांची माणसं आहेत, आणि नावावरून कुणी त्यांना हटकलेलं नाही. ६३६ मध्ये वारलेला सेव्हिलचा बिशप इसिडोर नावाने 'इसिसचं देणं' आहे. संकोच वाटल्याचं ठळक उदाहरण ५३३ मधलं : मर्क्युरिअस नावाचा धर्मगुरू पोप निवडला गेला आणि जुन्या देवाचं नाव त्या पदाला शोभणार नाही म्हणून त्याने जॉन हे नाव घेतलं. पोपने नाव बदलल्याचं हे पहिलं उदाहरण मानतात.

भारतात अशी नावं सापडतात का?

सापडतात. विदिशाजवळ बेसनगरला वासुदेवाचा गरुडध्वज उभारणारा, तक्षशिलेच्या अंतियालकिदस राजाचा दूत हेलिओडोरस. त्याचं नाव सूर्याने दिलेला, बापाचं नाव डिऑन, म्हणजे झ्यूसशी जोडलेलं. आणि स्वतःला तो म्हणवतो भागवत. घरचं नाव एका देवाचं, भक्ती दुसऱ्याची. वरच्या भक्तीच्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर नाही.

अपोलोडोटस या इंडो-ग्रीक राजाच्या तांब्याच्या नाण्यांवर अपोलो बाण घेऊन उभा आहे. त्याची आणि मिनँडर या दुसऱ्या इंडो-ग्रीक राजाची चांदीची नाणी इ.स. पहिल्या शतकातही भडोचच्या बाजारात चालत होती, असं त्या काळच्या ग्रीक खलाशाने लिहिलं आहे.

महाराष्ट्रात उलटी गंमत आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांच्या देणग्या कोरलेल्या आहेत (त्या काळी ग्रीकांना यवन किंवा योनक म्हणत), पण नावं इथली. नाशिकच्या पांडवलेण्यांत सतराव्या लेण्यात देणगीदार आहे उत्तरेकडच्या दात्तामित्रीचा योनक इंद्राग्निदत्त, धर्मदेवाचा मुलगा. इंद्र आणि अग्नी यांनी दिलेला! घडण थेट अपोलोडोटसची, देव वैदिक, आणि दान बौद्ध संघाला.

मराठीत लिहिताना ही नावं वेगळी कशी ठेवावीत?

देवाला डायोनिसस, माणसाला डायोनिसिअस. देवाला अपोलो, माणसाला अपोलोनिअस. डायोनिसिअसमधला तो एक 'इ' गाळू नका, सगळा फरक त्यातच आहे. नावं पूर्ण सारखी असतील तिथे पहिल्या उल्लेखात ओळख लिहा : 'वनदेव सिल्वानस', 'कॉन्सल सिल्वानस'. गुलाम किंवा मुक्त गुलाम असेल तर तेही लिहा, आणि माहीत असेल तर कुणाचा ते.